ढिला टाका

डिसेंबरात मुहू बेटावर उजेड घाईतल्या पाहुण्यासारखा येतो,
कोट न काढताच बसतो आणि तीनच्या सुमारास उठतो.
तेवढ्यात रंग ठरवायचे.
एल्फ्रीदेनं, माझ्या नणंदेनं,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा मेजावर उपडा केला
आणि लोकरीच्या लडी खिडकीशी मांडल्या,
बाजारात मासे मांडावेत तशा, डोकी एका बाजूला.

काळ्या घोंगडीवर फुलांची परडी.
तिच्या भाचीच्या लग्नासाठी, म्हणजे माझ्या लेकीच्या.
कायरी टालिनला राहते
आणि तिच्या घरात पायपुसण्यापासून पडद्यांपर्यंत
सगळं राखाडी आहे.
"म्हणूनच," एल्फ्रीदे म्हणाली.

आधी परडी. फुलं मागाहून.
तपकिरीच्या तीन छटा. उभे धागे घालून घ्यायचे,
मग आडवा एक वरून, एक खालून,
असा की बोट फिरवलं तर वेत लागावा.
काठाला वेणीचा टाका.
मुठीला देठाचा, दोन पदरी.
"मूठ कच्ची राहिली तर उचलणार कशी?"
जणू कुणी खरंच येऊन उचलणार आहे.

मग गुलाबी.
आमच्याकडे गुलाबी म्हणजे लाजणं नव्हे.
हा रंग दार न वाजवता आत येतो,
बाकावर नारिंगी आधीच बसला असला
तरी त्याला कोपरानं सरकवून जागा करून घेतो.
पाकळीला भरीव टाका, कडेकडून आत,
लांब, आखूड, लांब, आखूड,
दात पडलेल्या पोराच्या हसण्यासारखा.
पुढची ओळ त्या फटींत.
खसखशीच्या फुलाच्या पोटात गाठी: सुईला दोनच वेढे.
तीन घेतले तर फूल डोळे वटारतं.

"आता निळा," ती म्हणाली,
"रायच्या शेतातल्या फुलांचा,"
आणि उचलला जांभळा.
मी पाहिलं.
तिनं तो खिडकीशी धरला, मान तिरकी केली.
काचेपलीकडे बर्फ होतं, त्याहून खरं पांढरं कुठे मिळणार,
त्याच्यासमोर धरूनही म्हणाली, "हाच."
मी सुई ओवून दिली.
पुढच्या आठवड्यात पांढऱ्या डेझींना
तिनं लोण्यासारखा पिवळा घेतला.
तीही मी ओवून दिली.

"हा हिरवा त्या हिरव्याशी भांडतोय" म्हणून
जिनं पन्नास वर्षं बेटावरच्या बायकांना सुनावलं,
तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?
आणि खरं सांगू?
मला थोडी गंमतही वाटत होती.
माझे टाके तिनं काय कमी उसवलेत!

एक डेझी मात्र मी भरली,
ती दुपारी खुर्चीतच पेंगली तेव्हा.
पांढरीशुभ्र लोकर, साखळीची एकेक कडी, सात पाकळ्या.
म्हटलं, एवढी तरी खरी असावी.

फेब्रुवारीत बसनं कुरेसारेला गेलो, मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटल्यावर घरी येऊन
पहिलं काम काय, तर घोंगडी मेजावर पसरली.
बराच वेळ बोललीच नाही.
बोट जांभळ्यावर थांबलं,
पिवळ्या डेझींवर थांबलं.
"तुला दिसत होतं."
"हो."
"तेव्हाच?"
"तेव्हाच."

जांभळ्याच्या शेजारी गुलाबी
असा काही पेटला होता,
की ठरवून कुणी त्यांना एकत्र बसवलं नसतं.
"राहू दे," ती म्हणाली.
"कायरीला कुठे शेत आठवतंय?"

मग कात्री मागितली.
आणि माझी डेझी, सातच्या सात पाकळ्या,
टोकानं हळूहळू उसवून काढली.
लोकर उजेडात धरली, नव्या डोळ्यासमोर.
"रंग बरोबर आहे," म्हणाली.
"टाका ढिला."

सुई तिनं स्वतः ओवली.
पहिल्याच फटक्यात.